भाच्याचा कराटे ड्रेस

पन्नाशीला टेकलेल्या विनोदिनीबाईंना कराटेचा ड्रेस स्वतःसाठीच हवा होता, पण महाडच्या भर बाजारपेठेत तसं सांगायला जीभ रेटेना. त्यात काउंटरवर पोलादपूरच्या शाळेतली त्यांचीच विद्यार्थिनी मैथिली, आता या दुकानाची सून. “भाच्यासाठी दाखव,” बाई म्हणाल्या. “केवढा आहे भाचा?” “असेल माझ्याएवढाच.” मैथिलीनं सदरा त्यांच्याच खांद्यांना लावून पाहिला. बाईंनी कापड चिमटीत धरलं. “पातळ नको गं, घामानं अंगाला चिकटतं. पॅन्टही घट्ट नको, लाथ मारताना काचते.” बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मैथिली हसली नाही. गल्ल्यावर सासूबाई पेंगत होत्या. तिकडे एकवार बघून तिनं दुसरा सदरा स्वतःच्या खांद्यांना लावून आरशात पाहिला. “बाई, माझ्याही भाच्याला शिकायचंय. पाठवू?” बाईंचा जीव भांड्यात पडला. “पाठव की! पण त्याला सांगून ठेव, क्लास फक्त बायकांचा आहे.”