तक्रारींखालची ओळ

दम्याच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचाचं रूप सकाळी बदललं. दुपारपर्यंत तक्रारींचा ढीग साचला. अक्षरं बारीक आहेत, रंग डोळ्यांत खुपतो, जुनंच बरं होतं.

निवृत्त परिचारिका हेमलता तोरस्कर त्या चाळत असताना एका ओळीवर थबकल्या. "तातडीची मदत मागायची जागाच सापडत नाही. आईला ऑक्सिजन पोचत नाहीये, मशीन तर चालू आहे." पुढे फोन नंबर होता. चाळीस जणांनी 'अगदी खरं' म्हणून अंगठा दिला होता. ओळ तीन तासांपूर्वीची होती.

हेमलताबाईंनी घाईघाईने फोन लावला. "बाळा, आधी नळी बघ, खाटेच्या पायाखाली दबलीय का..."

"दबलीच होती, मावशी," पलीकडची मुलगी म्हणाली. "आई गेल्यावर मशीन काढताना दिसली."