ब्रेक उशिरा लागतो

टोलनाक्याचा दांडा कौतिकनानांच्या ट्रकने तिसऱ्यांदा मोडला. दांडा पडद्यावरचा होता, ट्रकही पडद्यावरचा. नानांचा उजवा पाय मात्र खरा होता, आणि तो टेबलाखालच्या ब्रेकवर पूर्ण दाबलेला होता.

"पाह्यलं? मी दाबला. याचं चित्र मागून येतं," नाना म्हणाले. कॉम्प्युटरच्या डब्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं एके काळी झोपलेल्या क्लीनरकडे पाहत.

सून कामिनी दारात उभी होती. पिकअपची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दिवाळीत नानांनी पिकअपने शेजारच्या फाटकाचा खांब पाडला, तेव्हापासून किल्ली तिथेच होती. खांब रस्त्याच्या फार जवळ आला होता, असं नानांचं म्हणणं. खांब तिथे चाळीस वर्षं होता. पण त्या दिवशी नानांच्या शेजारच्या सीटवर नात रोशनी बसलेली होती, आणि कामिनीला खांबाशी काही घेणं नव्हतं.

सावद्याची केळी बत्तीस वर्षं ट्रकने दिल्लीला नेलेला माणूस आता मळ्यात जायला कुणाच्याही मोटारसायकलवर मागे बसत होता. रोज कुरकुर. शेवटी कामिनीनेच तोड काढली. नानांचा मुलगा हितेंद्र कॉलेजात असताना ज्यावर गेम खेळायचा, तो कॉम्प्युटर स्टेअरिंग आणि ब्रेकसकट माळ्यावर पडून होता. त्यावर नानांनी ट्रकची एक फेरी कुठेही न ठोकता करून दाखवायची. दाखवली की किल्ली परत.

"अजून किती दिवस यंत्राचं नाव सांगणार, नाना?" कामिनीने विचारलं.

"यंत्र नीट करून आणतो. मंग बोल."

दुसऱ्या दिवशी नाना डबा जुन्या चादरीत बांधून जळगावच्या एसटीत बसले. कंडक्टरने त्यांचं अर्धं तिकीट फाडलं आणि डब्याचं पूर्ण मागितलं. आपल्यापेक्षा डब्याची किंमत जास्त आहे, हे नानांना तेव्हाच कळायला हवं होतं.

दुकानात हेमांगी नावाची मुलगी होती. तिने डबा उघडला, आतली धूळ फुंकली आणि शिंकली.

"आबा, अकरा वर्षांचा आहे हा. नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड बदला, रॅम बदला. पंधरा-वीस हजार कुठे गेले नाहीत."

"माह्याकडे अडीच हजार हायेत. आणि परतीचं तिकीट."

हेमांगीने थोडा विचार केला. मग खोक्यातून एक जुना प्रोसेसर शोधून काढला. एका ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून निघालेला होता. याच बोर्डावर बसणारा, याच पिढीतला, पण ताकदीचा. बावीसशे रुपये. नानांनी तो केळीचा घड पारखावा तसा उलटसुलट फिरवला.

"खालच्या बाजूला बोट लावू नका, आबा."

तिने जुना काढला, नवा बसवला आणि त्यावर ट्यूबमधून पांढरा ठिपका सोडला. नानांनी पन्नास वर्षं तंबाखू मळली होती. त्यांना तो ओळखीचा वाटला.

"मले चुना लावते का वं, पोरी?"

"लावावाच लागतो. नाहीतर तापून बंद पडेल."

"चांगलं हाय. तुमच्या धंद्यात सांगून लावतात."

हेमांगी हसली. जाताना तिने एक गोष्ट सांगितली. "पडद्याच्या कोपऱ्यात मी एक आकडा आणून ठेवलाय, सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा. आधी तो चौदा-पंधरावर होता. आता साठ दिसेल. साठ असेल तोवर चित्र मागे पडत नाही. मग दोष यंत्राचा नाही, एवढं समजा."

संध्याकाळी नाना स्टेअरिंगवर बसले. कामिनी पोळ्या टाकून आली आणि मागे उभी राहिली. कोपऱ्यात साठ दिसत होतं. ट्रक लोण्यातून जावा तसा निघाला. टोलनाका आला, दांडा वर गेला, ट्रक खालून पार झाला. नानांनी मागे न बघता मिशीवरून हात फिरवला.

पुढे सरळ रस्ता होता. बऱ्याच अंतरावर एक लाल मोटार थांबली. नानांना ती दिसली. ब्रेक दाबायचा, हेही कळलं. मग कुठे पाय निघाला.

मोटारीचा मागचा भाग चेपला. काच फुटल्याचा आवाज झाला. कोपऱ्यात साठच होतं.

कामिनीला त्या आकड्याचं काही माहीत नव्हतं. सासऱ्याची वाकलेली पाठ मात्र तिला दिसत होती. "नवा भाग आहे, नाना," ती म्हणाली. "बसेल हळूहळू. उद्या परत करून बघा."

नानांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. यंत्राच्या नावावर अजून एक महिना सहज निघाला असता. दांडे काय, कितीही मोडता येतात.

"यंत्र चांगलं हाय," नाना म्हणाले आणि त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली. "उशीर इथून होतो. या खोलीत जुना प्रोसेसर आता एकच राह्यला, आणि त्याले बसणारा भाग जळगावात मिळत नही."

कामिनीला हसू आलं आणि तिने ते पदराआड धरलं. नाना उठले, आपल्या खोलीत गेले. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी तिच्या तळहातावर पिकअपची किल्ली ठेवली.

कामिनीने किल्लीकडे पाहिलं. मग खुंटीवरची पर्स काढून आत हात घातला. तिची किल्ली जागेवरच होती.

"मग ही कुठली, नाना?"

"ही दुपारची," नाना म्हणाले. "तू शाळेत शिकवाले जाते, तव्हाची."