उजवी पाकळी

"गाऱ्हाणां मोठ्यान घालू नको हां बाबा. मनातलां आसा," ती बाई म्हणाली. सिद्धेशनं मान वर केली आणि त्याच्या हातातला तांब्या निसटता निसटता राहिला. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापलीकडे, बाईच्या मागे, हर्षा उभी होती. ओढणी डोक्यावर, नजर जमिनीवर. जणू ह्याला जन्मात कधी पाहिलंच नाही! बाई म्हणजे तिची आई, विनोदिनी.

पेडण्यातल्या ह्या गावच्या देवळात पूजेची पाळी सिद्धेशच्या घराण्याची. वडील भिकाजी कंबर धरून बसले, म्हणून कॉलेजला दांडी मारून पोरगा सोवळं नेसला होता. लोक कौल मागायला येत. देवाच्या छातीवर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनी, ऑपरेशनं, सगळं त्यावर ठरायचं.

पण हर्षा इथे कशी? तिचं गाव लाटंबार्से. तिथे काय देव नाहीत?

"शिकतंस काय रे तू?" विनोदिनीनं विचारलं.

"एम.कॉम. पणजीला. शेवटचं वर्ष."

"आणि मगे? ही पूजाच करतलंस?"

"नाही हो. नोकरी बघणार."

"भावंडां?"

"एकटाच."

बाई त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होती. काय ही कटकट! देवळात आलात तर देवाकडे बघा ना, त्याला वाटलं.

पणजीत तो आणि हर्षा एकाच वर्गात. मोरजीला त्याच्या मित्राची, संदीपची, पर्यटकांना भाड्यानं द्यायची खोली होती. ती रिकामी असली की दोघं तिथे जात. प्रेमबीम काही नाही, हे आधीच ठरलेलं. आज आहे, उद्या नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं नाही, कुणी कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. नियम हर्षाचा होता, पण कँटीनमध्ये टेबल बडवून त्यावर प्रवचन झोडायचा तो सिद्धेश. "भूक लागली, जेवलो, हात धुतले. त्यात मन कशाला आणायचं?" पोरं टाळ्या द्यायची. पोरीही हसायच्या. हर्षासुद्धा.

मग गेल्या आठवड्यात, केस बांधता बांधता ती म्हणाली, "घरात एक स्थळ आलंय. म्हापशाचा आहे. बँकेत."

"वा! अभिनंदन," हा म्हणाला. नियम म्हणजे नियम.

तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, चपला घातल्या आणि गेली. तेव्हापासून फोन नाही. हाही करत नव्हता. करून विचारणार काय? पण जेवण जाईना, झोप लागेना, फुलं वाहताना मंत्र मध्येच तुटायला लागला. पित्त झालं असेल, अशी ह्या शहाण्यानं स्वतःची समजूत घातली होती.

आणि आता ती समोर उभी. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलताहेत. त्या म्हापशाच्या बँकवाल्यासाठी एवढी? कसलं पित्त नि कसलं काय! ही जाणार. खरंच जाणार. आणि आपल्याला ते सोसवणार नाही. हे त्याला आत्ता, उघड्या अंगानं देवासमोर उभं राहून कळत होतं.

"पाकळी दाबू नको रे!" खांबाला टेकून बसलेले भिकाजी सवयीनं ओरडले. "नुसती टेकव. पुढचां तो बघता."

डावी त्यानं नुसती टेकवली. उजवी हातातच राहिली. अंगठ्याला गंध लागलेलं होतं. ते त्यानं पाकळीच्या मागे फासलं आणि पाकळी दाबली. चांगली दाबली. मागे बाप, पुढे देव. सात पिढ्यांत कुणी केलं नसेल ते करून तो बाजूला झाला.

डावी पडली.

हर्षानं डोळे उघडले. खाली पडलेल्या पाकळीकडे पाहिलं, मग एकदाच त्याच्याकडे. चेहरा पार उतरला तिचा. तीर्थही न घेता ती बाहेर गेली आणि स्कूटरपाशी पाठमोरी उभी राहिली.

रडू दे थोडं, सिद्धेशच्या मनात आलं. त्याची छाती हलकी झाली होती. नियम गेला खड्ड्यात! आज संध्याकाळीच फोन करायचा आणि सरळ सांगायचं, हर्षा, मला तू हवीस. लग्न, घर, तुझ्या आईच्या चौकशा, सगळ्यासकट हवीस. देवाची माफी मग मागू. नारळ ठेवू, पाया पडू.

विनोदिनीनं हातावर तीर्थ घेतलं, पण ती जागची हलेना.

"वायट वाटून घेव नको हां, बाबा," ती हळूच म्हणाली. "माका तू बरो वाटलंस."

"मी?"

"तुझांच नाव धरलेलां मनात. म्हापशाचो नको म्हणान सांगितल्यान हिनं. मी म्हटलां, अगो, मगे आधी त्या पोराक तरी विचार. तर म्हणता कशी, तेका प्रश्न विचारूचे नाय असां आमचां ठरलेलां आसा. आपण देवाक विचारूया."