काढ्याचा गुण

"नाक दाबून नको पिऊस गं, पोरगी बघतेय. उद्या तीही दूध असंच प्यायला लागेल," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं नाकावरचा हात काढला आणि वाटीतला काढा एका दमात घशाखाली ढकलला. ओल्या बुटात आलं किसावं तसा वास. कसल्याशा मुळ्या, सालींचे तुकडे, काळपट बिया. सगळं मातीच्या भांड्यात रटरटायचं आणि वास घरात मुक्काम ठोकायचा.

"बघ, कसा गुण आलाय!" नवरा बूट चढवता चढवता म्हणाला. हे तो रोजच म्हणायचा. काढा त्यानंच शोधून काढला होता ना.

बाळंतपणानंतर तिची पाळी कशीही यायची. कधी महिनोन्‌महिने पत्ता नाही, कधी आली की जायचं नाव नाही. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा घरात नुसता गहजब झाला. "असलं विष माझ्या घरात नको," म्हणत नवऱ्यानं पाकीटच कचऱ्यात फेकलं आणि तिला चिनी औषधं देणाऱ्या माणसाकडे नेलं. माणूस चिनी नव्हता, तिकडे शिकून आला होता एवढंच. आधी जीभ बघायचा, मग तीन बोटांनी नाडी. सासूबाईंनी त्याचं नाव जीभवाले ठेवलं होतं.

वर्ष झालं. पाळी घड्याळासारखी येऊ लागली. पोटातली कळ गेली, तोंडावर रंग आला. दुसरं मूल इतक्यात नको होतं, तेही निभावलं. जीभवाल्यांनी आखून दिलेले दिवस सांभाळले की झालं, हे नवरा ऑफिसात डबा खाताना पुरुषमंडळींनाही समजावून सांगायचा.

एका रविवारी नणंद आली. ती शाळेचे गणवेश शिवायची, आणि टाचण्या तोंडात धरून बोलायची तिला सवय होती.

"मीही गोळ्या सोडाव्यात म्हणतेय, वहिनी," भाचीच्या फ्रॉकची दुमड घालताना ती म्हणाली. "अंग सुजतं, डोकं भणभणतं, पोरांवर उगाच खेकसते. दादा म्हणतो, जीभवाल्यांकडे चल."

वहिनीच्या हातातली इस्त्री थांबली. दुसऱ्या बाळंतपणात नणंदेच्या हृदयानं दगा दिला होता. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. म्हणून तर त्या हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या.

"तुझं वेगळं आहे गं. आधी डॉक्टरांना विचार."

"डॉक्टर गोळ्याच घ्या म्हणणार." नणंदेनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू शिकलेली, उगाच कशाच्या नादी लागणारी नाहीस. फरक पडला ना तुला?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. "सांग की! बोलायला काय पैसे पडतात?"

"मला... बरं वाटतंय आता," ती म्हणाली.

"ऐकलंस?" नवरा बहिणीकडे वळला.

"पण गोळ्या लगेच सोडू नकोस," तिनं घाईनं पुस्ती जोडली. "थोडे दिवस दोन्ही घे."

"दोन्ही?" नवरा खो खो हसला. "मग गुण कशानं आला ते कळणार कसं?"

सगळेच हसले. तीही हसली.

नणंदेनं गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी तिची पाळी लांबली. जीभवाले म्हणाले, शरीर जुळवून घेतंय. वहिनीनं फोन केला, "आजच्या आज तपासून घे."

"अगं, तुझीही सुरुवातीला लांबलीच होती की नाही?"

फोन नवऱ्यानं स्पीकरवर टाकला होता. "हो," ती म्हणाली. "लांबली होती."

तपासायची वेळ आली तेव्हा नणंदेला जिना चढवत नव्हता. शिलाई मशीन चालवता चालवता धाप लागली आणि ती तिथेच, कापडाच्या ढिगावर, कोसळली.

"गर्भ काढावाच लागेल," इस्पितळाच्या बोळकांडीत डॉक्टर म्हणाले. "पण तेवढं तरी त्यांचं हृदय पेलेल याची खात्री मी देत नाही. कुणी सोडायला सांगितल्या गोळ्या?"

नवरा पुटपुटला, "माझ्या बायकोला गुण आला होता हो."

एकेकाला क्षणभर आत सोडलं. नणंदेनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला.

"तू नको जिवाला लावून घेऊस, वहिनी. तू एकटीच म्हणाली होतीस, दोन्ही घे." ती थांबून श्वास घेत होती. "तुझ्या अंगाला लागलं, माझ्या नाही लागलं. माझंच शरीर वाईट."

वहिनीनं तिचा हात धरला. बोलायला ओठ उघडले. दारात नवरा आणि सासूबाई उभ्या होत्या. तिनं ओठ मिटले आणि मास्क पुन्हा जागेवर बसवला.

मुलीसाठी दोघी घरी परतल्या. सासूबाईंनी डोळे पुसत भांडं चुलीवर चढवलं आणि वाटी तिच्या पुढ्यात ठेवली. "घे बाई. तू तरी चुकवू नकोस."

तिनं उभ्याउभ्याच काढा संपवला, न्हाणीघरात जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि पॅडच्या पाकिटाच्या तळाशी हात घालून, गेलं दीड वर्ष रोज घेत आली होती तशी, त्या दिवसाची हार्मोनची गोळी गिळली.