झुरळांची भावकी

“झुरळं वरूनच आलीत! आज निकाल लागू दे,” तळमजल्यावरचा थोरला भाऊ इमारतीच्या सभेत गरजला.

“खालून आलीत,” पाचव्या मजल्यावरचा धाकटा म्हणाला.

दोघंही हे सेक्रेटरीला सांगत होते, कारण एकमेकांशी बोलणं बंद होतं. वडिलांच्या मनगटी घड्याळावरून नऊ वर्षांपूर्वी फाटलं होतं. घड्याळ तेव्हाही बंदच होतं.

बायकांनीही नवऱ्यांची बाजू इमानाने लावून धरली होती. जिन्यात गाठ पडली की दोघी जावा असं तोंड सोडायच्या की शेजारी दारं लावून घ्यायचे, आणि मग दाराला कान लावायचे. आजही दोघी मागच्या रांगेत एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

अट साधी होती. ज्याच्या घरातून झुरळं पसरली, त्याने चारचौघांत दुसऱ्याची माफी मागायची.

विद्यापीठातल्या संशोधक बाईंनी महिनाभर घराघरांत चिकट सापळे लावले होते. झुरळाचा एक पाय मिळाला की त्या त्याची अख्खी भावकी शोधून काढत. त्यांनी कागद उलगडला.

“मजल्यामजल्यावर झुरळांचं कूळ वेगळं निघालं. शेजारपाजारी थोडी सरमिसळ आहे, ती पाइपांतून होते. पण तळमजला आणि पाचवा मजला, ही दोन घरं म्हणजे एकच घराणं. मधल्या चार मजल्यांवर त्यातलं एकही झुरळ नाही.”

“म्हणजे वरूनच खाली...” थोरला उसळला.

“चार मजले टाळून झुरळं चालत जात नाहीत हो. कोणीतरी सामानातून त्यांची ने-आण करतंय. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. खालून वर आणि वरून खाली.”

सगळी सभा दोघा भावांकडे बघू लागली.

“नऊ वर्षांत मी त्या घराची पायरी चढलेलो नाही!” थोरला ओरडला.

“आणि मी उतरलेलो नाही!” धाकटाही ओरडला.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच भावांचं एकमत झालं होतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांच्याही माना हळूहळू मागच्या रांगेकडे वळल्या.

थोरली जाऊ धाकटीच्या कानाशी लागली होती. आवाज तिने बेताचाच ठेवला होता, पण त्या शांततेत तो सेक्रेटरीपर्यंत पोचला.

“तरी तुला सांगत होते, डबा धुऊन देत जा.”