शेवटचं रीळ

या मंडळी, असे जवळ सरका. आमच्या जत्रेतली एक गोष्ट सांगतो.

तंबूत काळापांढरा रहस्यपट रंगात आला होता. डिटेक्टिव्ह खुन्याचं नाव घेणार, तोच पडदा कोरा झाला. शेवटचं रीळ मागच्याच गावी राहिलं होतं!

"फाडा रे तंबू!" लोक खवळले. मालकीण कौसाबाई हात जोडून आडवी आली. तिचं पोट त्या तंबूवरच होतं.

तेवढ्यात गर्दीतून आमचे कीर्तनकार दामोदरबुवा उठले. सिनेमाला जाऊ नका, असं रोज बजावणारे बुवा!

"बुवा, तुम्ही इथं?" कुणीतरी ओरडलं.

"मागच्या गावांतही पाहिला, आता सातव्यांदा," बुवा लाजून म्हणाले. "खोटं शेवटी उघडं पडतं ना, ते बघायला येतो. बाई, मशीनचा दिवा चालू ठेवा. शेवट मी सांगतो."

उपरणं कमरेला बांधून ते पडद्यापुढे उभे राहिले. मागं त्यांची ताडमाड सावली पडली.

"पूर्वरंग आठवा! सगळे म्हणाले, पावसातून आत्ताच आलो. मग एकाचीच छत्री कोरडी कशी?"

उठलेले लोक पुन्हा खाली बसले.

"आणि जिन्यावरच्या सावलीच्या हातात काय होतं?"

"पिशवी!" पुढची आजी किंचाळली. "अगं बाई, डॉक्टरची पिशवी!"

"डॉक्टरच खुनी!" सगळा तंबू गरजला. बुवांनी हात उंचावले, आणि रामकृष्णहरीच्या गजरानं कनाती थरथरल्या.

दुसऱ्या दिवशी रीळ आलं. लोक म्हणाले, "रीळ राहू द्या बाई, बुवांना लावा!"

बुवा आता नाहीत. पडद्यावर कधी जिन्यावरून सावली उतरताना दिसली, तर त्यांची तेवढी आठवण काढा.