बधिर

दातांची डॉक्टर असलेल्या केतकीनं वडिलांच्या तोंडात आरसा घातला, तसा तुळशीचा दरवळ तिच्या नाकात शिरला. हल्ली सगळ्यांच्याच तोंडाला हा वास यायचा. हिरड्यांत एकदा जंतू सोडले, की ते तुळशीतलं सुगंधी लिनालूल आणि बधिर करणारं युजेनॉल बनवत राहायचे. श्वास सुगंधी व्हायचा आणि दात दुखायचे थांबायचे. ब्रश तर लोक विसरूनच गेले होते.

"आप्पा, भाकरी खाताना दात पडला, तेव्हा काहीच जाणवलं नाही?"

"छे गं! मला वाटलं, खडा आला."

तिनं हिरडी दाबली. हिरवट पू ओघळून जिभेवर पसरला. त्यालाही तुळशीचाच वास होता. आप्पांनी तो सहज गिळून टाकला. केतकी बेसिनकडे धावली आणि भडभडून ओकली.

जबड्याचं हाड काळं पडलं होतं. ते कुठवर मेलंय, हे बधिर तोंडात कळणार नव्हतं. तिनं तुळशीचे जंतू मारणारं औषध हिरड्यांना चोळलं आणि ती थांबली.

सुगंध हळूहळू विरला आणि मेलेल्या उंदरासारखी घाण खोलीभर पसरली. आप्पांनी नाक दाबलं.

"हे माझ्या तोंडातून येतंय?" शरमेनं त्यांनी मान फिरवली.

श्वास रोखून केतकीनं हाडाला सुई टोचली. आप्पा गप्पच. आणखी मागे टोचली, तरी गप्पच. पार कानाजवळ टोचली, तेव्हा ते किंचाळले, "आई गं! मेलो!"

"ओरडा, आप्पा," त्या घाणीत वाकून तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "इथलं हाड जिवंत आहे."